फिल्टर खडखडतोय, गुणगुणतोय की गुडगुडतोय?

माशांच्या टाकीचा फिल्टर आवाज करायला लागला की बहुतेक जण एकच उपाय करतात: फिल्टरखाली स्पंजाची घडी सरकवतात. त्याने कधी फरक पडतो, पण बहुतेकदा पडत नाही. मोटरची गुणगुण, इम्पेलरची (आत फिरणाऱ्या चुंबक-पात्यांची) खडखड, अडकलेल्या हवेची खरखर, पडणाऱ्या पाण्याचा खळखळाट आणि कपाटाची थरथर ही वेगवेगळी दुखणी आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. खडखडणाऱ्या इम्पेलरखाली स्पंज ठेवला तर आवाज थोडा दबेल, पण आत झीज चालूच राहील आणि दोन-चार महिन्यांत मोटरच जायची.

म्हणून आधी आवाज नेमका कुठून येतो ते शोधायचं. एअर पंपाला लावतात ती प्लास्टिकची नळी हातभर घ्या, कोरडी. एक टोक कानापाशी धरा आणि दुसरं टोक मोटरजवळ, झाकणाजवळ, काचेजवळ, पाइपच्या सांध्यांजवळ, कपाटाच्या फळीजवळ सावकाश फिरवा. खोलीभर पसरलेला वाटणारा आवाज एका जागी एकदम मोठा होतो आणि ठिकाण सापडतं. मग हाताची परीक्षा: फिल्टर चालू असतानाच त्याचं झाकण बोटाने दाबा, नंतर फिल्टर बाहेरून धरून अर्धा सेंटिमीटर उचला. आवाज बदलला तर दोष बाहेर आहे, म्हणजे काहीतरी कशाला तरी टेकतंय. काडीचाही फरक पडला नाही तर दोष आत आहे. आणि एकदा क्षणभर प्लग काढून बघाच. फिल्टर बंद असूनही आवाज येत राहिला तर तो दिव्याच्या अडॅप्टरचा किंवा एअर पंपाचा असतो, आणि उगाच फिल्टर खोलण्याचे कष्ट वाचतात.

जी गुणगुण जाणार नाही

टाकीच्या साध्या फिल्टरमधली मोटर फार सोपी असते. कॉइल रेझिनमध्ये बंद केलेली, तिच्या पोटात एक खोबण, आणि त्या खोबणीत पाण्यातच फिरणारा दंडगोल चुंबक. चुंबकाच्या टोकाला पाती. त्या जोडणीला इम्पेलर म्हणतात. ब्रश नाहीत, गिअर नाहीत. ५० हर्ट्झच्या विजेवर हा चुंबक मिनिटाला ३००० फेरे घेतो आणि त्याला बसणारे विजेचे हिसके सेकंदाला १०० असतात. ती सलग, खालच्या पट्टीतली गुणगुण म्हणजे हेच हिसके. (६० हर्ट्झवर ३६०० फेरे आणि १२० हिसके.) ती मुळापासून घालवता येत नाही. ती काचेत आणि लाकडात उतरू न देणं एवढंच आपल्या हातात असतं, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

इथे दोन गोष्टी मात्र ही गुणगुण विनाकारण वाढवतात. एक, फिल्टरला पंख्याचा रेग्युलेटर किंवा डिमर लावून वेग कमी करण्याचा प्रयत्न. ही मोटर तशा रेग्युलेटरने हळू फिरत नाही. ती गुरगुरते, तापते आणि कधी फिरायचीच थांबते. पाणी कमी हवं असेल तर बाहेर जाणाऱ्या पाण्याचा नळ आवळा. दुसरी, चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर. वीज गेल्यावर फिल्टर एकाएकी जोरात घुमायला लागला आणि वीज आल्यावर गप्प झाला, तर फिल्टरमध्ये काही बिघडलेलं नाही. साइन वेव्ह इन्व्हर्टरवर तो आवाज येत नाही.

खडखड: इम्पेलर बाहेर काढा

अनियमित, कोरडी खडखड किंवा टिकटिक आतून येत असेल तर दहातल्या आठ वेळा इम्पेलरच खोलावा लागतो. काम पंधरा मिनिटांचं आहे. पण आधी फिल्टरचा आणि हीटरचा, दोन्हींचे प्लग सॉकेटमधून बाहेर. नुसतं बटण बंद करून पाण्यात हात घालू नये. पाणी कमी करणार असाल तर हीटर गार होऊ द्या, नाहीतर तापलेली काच उघडी पडून तडकते.

मोटरच्या तोंडावरचं झाकण बहुतेक फिल्टरमध्ये पाव-अर्धा फेरा फिरवून निघतं. आत पाती दिसतील. ती धरून इम्पेलर सरळ वर ओढा. चुंबकाची ओढ लागेल, हिसका मात्र देऊ नका: मधली दांडी सिरॅमिकची असेल तर ती वाकत नाही, सरळ मोडते. दांडीच्या दोन्ही टोकांना वाटाण्याहून लहान रबरी टोप्या असतात. खालची टोपी बहुतेकदा खोबणीच्या तळालाच चिकटून राहते, किंवा इम्पेलरबरोबर बाहेर येते आणि धुताना मोरीच्या जाळीतून निघून जाते. त्या टोपीशिवाय फिल्टर परत जोडला की दांडी आत डुगडुगते आणि साफसफाईनंतर आवाज आधीपेक्षा वाढतो. ‘धुतला आणि बिघडला’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं. म्हणून सुटे भाग पांढऱ्या ताटलीत ठेवा आणि धुणं नळाखाली न करता वाडग्यात करा.

आता चुंबक हातात धरून पाती फिरवून बघा. बऱ्याच फिल्टरमध्ये पाती अर्ध्या-पाऊण फेऱ्यापर्यंत मोकळी फिरतात आणि मग अडतात. हे तुटलेलं नाही. ही मोटर स्थिर अवस्थेतून सुरू होताना कोणत्याही दिशेला उसळी घेऊ शकते, आणि पाण्याचा भार एकदम अंगावर आला तर सुरूच होत नाही. म्हणून चुंबकाला आधी थोडं रिकामं फिरून वेग घेता यावा, अशी ती सोय केलेली असते. पाती सरळ का असतात, पंख्यासारखी वळलेली का नसतात, त्याचंही कारण हेच. ही मोकळीक दोष समजून पाती गोंदाने चिकटवणारे लोक आहेत. चिकटवलेला इम्पेलर मग नुसता थरथरतो, फिरत नाही.

खोबणीत काय सापडतं? तपकिरी बुळबुळीत थर तर असतोच. त्याशिवाय केस, पाणवनस्पतीची मुळं, वाळूचे कण, पिल्लू गोगलगाईंचे शंख. वाळूचा एकच कण चुंबक आणि भिंत यांच्यामध्ये अडकला तरी दात घासल्यासारखा आवाज येतो, कारण तिथली फट जेमतेम मिलिमीटरभर असते. खोबण कान पुसायच्या कापसाच्या काडीने किंवा बाटली धुण्याच्या बारीक ब्रशने पुसा, इम्पेलर जुन्या मऊ टूथब्रशने घासा. साबण अजिबात नको.

पांढरा, खरखरीत थर असेल तर तो पाण्यातल्या क्षारांचा आहे आणि घासून निघणार नाही. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन त्यात इम्पेलर अर्धा तास बुडवा. व्हिनेगर नसेल तर लिटरभर पाण्यात १५ ग्रॅम सायट्रिक आम्ल. बुडबुडे यायचे थांबले की ब्रश फिरवा आणि साध्या पाण्याने दोन-तीनदा खंगाळा. चुंबकाचं प्लास्टिकचं आवरण तडकलेलं दिसलं तर मात्र भिजवत बसू नका, तो टाकायचाच.

टाकायचा कधी, हे डोळ्यांनी कळतं. चुंबकाच्या अंगावर एकाच बाजूला चकचकीत घासलेला पट्टा असेल तर तो भिंतीला घासतोय. आवरणाला चीर पडून पाणी शिरलं की चुंबक गंजतो, फुगतो आणि खोबणीत घट्ट होतो. दांडीवर नख फिरवलं आणि खाच लागली, तर दांडी संपली. पात्याचा तुकडा उडालेला असेल तर तोल जातो आणि खडखड कधीच थांबत नाही. नवा इम्पेलर त्याच मॉडेलचा घ्या. शेजारच्या मॉडेलचा हुबेहूब दिसतो, बसतोही, पण अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने तोही खडखडतो.

जोडणी करून फिल्टर लगेच टाकीवर चढवू नका. बादलीभर पाण्यावर दोन मिनिटं चालवा आणि नळीने ऐका. (मोटर पाण्यात बुडवायची ती फक्त आत बुडवायच्या फिल्टरची.) बादलीत शांत आणि टाकीवर आवाज, असं झालं तर इम्पेलर निर्दोष आहे.

घर्षण कमी व्हावं म्हणून दांडीला तेल किंवा व्हॅसलीन लावायचा मोह आवरा. त्या जागेला पाणीच वंगण असतं. तेलाचा तवंग टाकीत येतो आणि पेट्रोलियमच्या पदार्थांनी बरेच रबरी भाग फुगतात. शुद्ध सिलिकॉन ग्रीस चालतं, पण तेही ओ-रिंगला, म्हणजे झाकणाच्या रबरी कड्याला, इम्पेलरला नाही.

तीच घाण परत आत जाऊ नये म्हणून पाणी ओढणाऱ्या नळीच्या तोंडावर जाड छिद्रांचा स्पंज बसवा. ते तोंड वाळूपासून ५ ते ७ सेंटिमीटर वर असू द्या. हा स्पंज आठवड्याला पिळावा लागतो. विसरलात तर पुढचा आवाज सुरू होतो तो हवेचा.

हवा: खरखर आणि मधूनच ढेकर

पाण्याऐवजी हवा पात्यांत आली की आवाज बदलतो. खरखर, मध्येच फुर्र, आणि बाहेरच्या तोंडातून बारीक बुडबुड्यांचा झोत. नव्या किंवा नुकत्याच धुतलेल्या कॅनिस्टरमध्ये, म्हणजे टाकीबाहेर ठेवायच्या बंद डब्याच्या फिल्टरमध्ये, हे पहिले एक-दोन दिवस होणारच, कारण मीडियाच्या (आत भरलेल्या स्पंज, लोकर वगैरे गाळणीच्या सामानाच्या) छिद्रांत हवा बसलेली असते. कॅनिस्टर चालू ठेवूनच दोन्ही हातांनी धरून तीस-चाळीस अंश एका बाजूला कलवा, थांबा, मग दुसऱ्या बाजूला. हवेचा गोळा वर येऊन बाहेर पडतो. दर पाच मिनिटांनी तीन-चारदा केलं की बहुतेक हवा जाते. कलवताना नळ्या ताणू देऊ नका. हट्टी हवेसाठी प्लग दहा सेकंद काढून परत लावणं, हाही चांगला उपाय आहे.

चार दिवसांनीही बुडबुडे येत असतील तर हवा कुठून तरी आत येतेय. सर्वात साधं कारण आधी तपासा: एअर स्टोन (एअर पंपाच्या नळीच्या टोकाचा, बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) पाणी ओढणाऱ्या तोंडाजवळ ठेवलेला नाही ना? तो निदान २० सेंटिमीटर दूर न्या. पाण्याची पातळी इतकी उतरली नाही ना, की तोंडापाशी भोवरा पडतोय? ही दोन्ही कारणं नसतील तर सांधे.

सांधे शोधताना लोक ओल शोधतात आणि फसतात. टाकीच्या खाली ठेवलेल्या कॅनिस्टरवर वरच्या पाण्याचा दाब असतो, मीटरभर उंचीला साधारण ०.१ बार. तिथली गळती पाणी बाहेर काढते, ओल दिसते. पण पाणी ओढणारी नळी टाकीच्या कडेवरून जिथे वळते, ती जागा पाण्याच्या पातळीपेक्षा वर असते आणि तिथे दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. तिथला सांधा सैल असेल तर एक थेंबही गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. म्हणजे कोरडा सांधाच गुन्हेगार असू शकतो. त्या वळणावरच्या प्रत्येक सांध्यावर पाण्यात बुडवलेली ओली चिंधी घट्ट गुंडाळून मिनिटभर थांबा. बुडबुडे थांबले तर ठिकाण सापडलं. नळीचं टोक कडक झालं असेल तर २ सेंटिमीटर कापून टाका, नवं टोक गरम पाण्यात मिनिटभर मऊ करून चढवा आणि क्लॅम्प आवळा.

आणखी एक कारण तुंबणं. स्पंज किंवा बारीक लोकर गच्च भरली की मोटर पाण्यासाठी ओढ घेते, आतला दाब घसरतो आणि पाण्यात विरघळलेली हवाच बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते. ओढणाऱ्या बाजूचा नळ अर्धा बंद ठेवला तरी नेमकं हेच होतं. प्रवाह कमी करायचा तो नेहमी बाहेर जाणाऱ्या बाजूने. ओढणाऱ्या बाजूचा नळ कायम पूर्ण उघडा. मीडिया टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. नळाच्या क्लोरीनच्या पाण्यात धुतला तर आवाज जाईल, पण जिवाणूही जातील.

पडणारं पाणी

काठावर लटकवायच्या फिल्टरचा खळखळाट म्हणजे नुसता धबधबा. पातळी फिल्टरच्या ओठापासून १ ते २ सेंटिमीटर खाली आणून ठेवली की आवाज जवळजवळ संपतो. बाष्पीभवनाने पातळी हळूहळू उतरते, म्हणून ‘आवाज आठवडाभराने परत येतो’. काचेवर एक खूण करा आणि त्या खुणेपर्यंत पाणी भरत राहा. पातळी वाढवता येत नसेल तर ओठाखाली पाण्याला टेकेल अशी स्पंजाची पट्टी लावा, पाणी तिच्यावरून घसरत उतरतं.

या फिल्टरचं झाकण वाजत असेल तर त्याच्या कडेला दारं-खिडक्यांना लावतात तसली फोमची चिकटपट्टी लावली की काम झालं. फिल्टर मागे किंवा पुढे कललेला असेल तर तळाशी असलेला स्क्रू फिरवून सरळ करा. कललेल्या फिल्टरमध्ये पाणी एका कोपऱ्यातून पडतं आणि ओढणारी नळीही आपल्या जागेवर नीट बसत नाही.

पाणी शांत करताना पृष्ठभाग अगदी निश्चल करू नका. त्या हलण्यातूनच ऑक्सिजन आत येतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो. फवारा दांडी (पाणी बाहेर सोडणारी छिद्रांची नळी) असेल तर ती पाण्याखाली १ सेंटिमीटरवर, छिद्रं किंचित वर वळवून ठेवा: पृष्ठभागावर तरंग उठतात, आवाज होत नाही. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर शांतता जरा जास्त झाली आहे.

थरथर काचेत आणि कपाटात

आता स्पंजाची पाळी. मोटर निर्दोष, हवा नाही, तरी खोलीत घुमतंय, म्हणजे थरथर मोठ्या पृष्ठभागात उतरते आहे. टाकीखालचं पोकळ कपाट ढोलकीसारखं काम करतं. कॅनिस्टर कपाटाच्या बाजूच्या फळीला टेकलेला नसावा, चारी बाजूंनी दोन बोटांची जागा हवी. नळ्या फळीतल्या भोकातून जाताना कडेला टेकतात, तिथे नळीभोवती फोमचं कडं बसवा. कॅनिस्टरखाली १ ते २ सेंटिमीटर जाडीचा फोम घाला, पण तो फार मऊ नको. भांडी घासण्याचा स्पंज भरलेल्या कॅनिस्टरच्या वजनाने पूर्ण चेपतो, आणि चेपलेला स्पंज थरथर फळीत जशीच्या तशी पोचवतो. व्यायामाच्या चटईसारखा घट्ट फोम दोन थरांत घातला तर चांगला चालतो.

आत बुडवायच्या फिल्टरचे रबरी चोषक (काचेला चिकटणाऱ्या वाट्या) वर्षभरात कडक होतात आणि प्लास्टिक थेट काचेला लागतं. चोषक बदला, तोवर फिल्टर आणि काचेमध्ये स्पंजाचा तुकडा घाला.

एअर पंपाचं गणित वेगळं. त्यात फिरणारं काही नसतं, एक लोहचुंबकी बाहू रबरी पडद्याला विजेच्या तालावर हलवतो. तो दोरीने लटकवून ठेवला तर निम्मा आवाज तिथेच संपतो. फक्त भिंतीला टेकू देऊ नका आणि बंद डब्यात कोंडू नका, तापतो. पंप पाण्याच्या पातळीखाली असेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर वीज गेली की पाणी उलटं पंपात येतं. एअर स्टोन तुंबला की पंपावर उलटा दाब येऊन तो भणभणतो, म्हणून स्टोन दोन-तीन महिन्यांनी बदला. हवा जास्त होते म्हणून नळी चिमटू नका. टी-जोड लावून जास्तीची हवा बाहेर सोडा. स्पंज फिल्टरची भकभक मात्र पंपाची नसते, ती मोठ्या बुडबुड्यांची असते. उभ्या नळीच्या आत छोटा एअर स्टोन सोडला की बुडबुडे बारीक होतात आणि भकभक थांबते.

संप असेल तर

संप म्हणजे टाकीखालची फिल्टरची वेगळी टाकी: वरचं पाणी पाइपाने तिच्यात उतरतं आणि पंपाने परत वर चढतं. संपाची गुडगुड ही पाणी आणि हवा एकाच पाइपातून उतरत असल्यामुळे होते. एकच पाइप असेल तर त्याच्या माथ्यावर टी बसवून वरच्या टोपीला बारीक भोक पाडा. भोकातून हवा आत जाते आणि पाणी घोट घेत उतरायचं थांबतं. भोक लहानापासून सुरू करून हळूहळू वाढवा. मोठं झालं तर वर छोटा व्हॉल्व्ह लावावा लागेल. खरी शांतता दोन पाइपांच्या रचनेत मिळते. एक पाइप गेट व्हॉल्व्हने आवळून कायम पूर्ण पाण्याने भरलेला ठेवायचा, दुसरा वर, आणीबाणीसाठी मोकळा. बॉल व्हॉल्व्ह इथे वैताग देतो, त्यात बारीक फेरफार होत नाहीत. पाइपचं खालचं टोक संपाच्या पाण्यात २ ते ३ सेंटिमीटरच बुडवा. जास्त बुडवलं तर सुरुवातीला हवा बाहेर पडत नाही. दुसरा पाइप कधीही बंद करू नका: पहिल्यात गोगलगाय अडकली तर पाणी त्या पाइपाने जातं, नाहीतर जमिनीवर.

परत पाणी चढवणारा पंप आणि कडक पाइप यांच्यामध्ये वीतभर मऊ सिलिकॉन नळी घातली की पंपाची थरथर पाइपात चढत नाही.

झोपताना फिल्टर बंद करून सकाळी लावणं हा उपाय नव्हे. बंद कॅनिस्टरमधला ऑक्सिजन जिवाणू काही तासांत संपवतात, मग तेच मरायला लागतात, आणि सकाळी बटण दाबलं की ते कुजकट पाणी पहिल्यांदा माशांच्या अंगावर जातं. बारा तास वीज नसेल तरी हेच होतं, त्यामुळे तेव्हा कॅनिस्टर उघडून आतलं पाणी टाकून, मीडिया टाकीच्या पाण्यात खंगाळूनच सुरू करावा.

इम्पेलर नवा, टोप्या जागेवर, हवा नाही, काहीही कशाला टेकलेलं नाही आणि तरी मोटर घुमते आहे, तर खोबणीत बॅटरीचा उजेड टाकून बघा. आतल्या भिंतीवर झिजून पडलेला गोल चर दिसला किंवा रेझिनला भेग दिसली, तर दुरुस्ती नाही. भेग असेल तर तो फिल्टर त्याच क्षणी बंद करा, कारण त्या भेगेतून पाणी कॉइलपर्यंत पोचतं आणि वीज पाण्यात उतरते. नवा घेताना टाकीच्या गरजेपेक्षा एक मापाने मोठा कॅनिस्टर घेऊन बाहेरचा नळ थोडा आवळून चालवा. छोट्या फिल्टरला पूर्ण ताणून चालवण्यापेक्षा तो कमी ऐकू येतो आणि मीडियाही उशिरा तुंबतो.